क्रेनवरचा खाऊ

३ मार्च, मंगळवार

बायकोच्या हातात चहाचा कप खडखडला. खाली ठेवेपर्यंत अर्धा सांडला. ‘काही नाही रे, दुपारी खाल्लं नाही ना, म्हणून.’

खाणार तरी कधी? ती चालवते त्या टॉवर क्रेनची केबिन चाळीस मीटर उंचावर. शिडीने उतरून, डबा खाऊन पुन्हा चढायचं तर जेवणाची सुट्टी शिडीवरच संपते. आणि वर बसून दोन्ही हातांनी डबा उघडत बसायला सवड कुणाला?

चोवीस तारखेला तिची वार्षिक तपासणी. डॉक्टर दोन्ही हात पुढे करायला लावतात. थरथरले की क्रेन बंद! नऊ वर्षं चालवतेय ती.

एका हाताने खाता येईल असं काहीतरी करायला हवं.

४ मार्च, बुधवार

औषधांच्या दुकानात दिवसभर मी प्रोटीनचे डबे लोकांना देतो. आज एक घरी आणला. ओट्स दळले. त्यात पावडर, कोको, शेंगदाण्याचं बटर, मध. भाजायचं नाही, ओव्हन नको — नुसतं मळायचं, ट्रेमध्ये थापायचं, वर पातळ केलेलं चॉकलेट ओतायचं आणि दोन तास फ्रिजमध्ये. आई दारात उभी राहून बघत होती. ‘बायकोला इतक्या उंच पाठवतोस ते पाठवतोस, वर विटाही तूच देणार?’

५ मार्च, गुरुवार

फजिती! काचेची केबिन, दुपारचं ऊन. चॉकलेट वितळून हातमोज्यांना, लिव्हरला, कपाळालासुद्धा. ‘अरे, मी लोखंड उचलतेय की चॉकलेट, तेच कळेना!’

हसली. फार दिवसांनी.

८ मार्च, रविवार

वरचा थर रद्द. कोको आतच वाढवला, मध कमी केला — झाला भुगा. आईचा निकाल: ‘सिमेंट कमी पडलं.’ मग खजूर वाटून घातला आणि जमलं एकदाचं! दुकानातली खोड जाईना, प्रत्येक तुकडा काट्यावर टाकला. पन्नास ग्रॅम, ना कमी ना जास्त. तुकडे गुंडाळायच्या कागदाच्या घड्या घालताना उगाचच गुणगुणत होतो म्हणे. असेन.

१३ मार्च, शुक्रवार

पाचही दिवस डबा रिकामा! रोज विचारतो, रोज म्हणते, ‘मस्त झालेत.’

हात मात्र तसेच. पावडर आणखी एक चमचा वाढवू का?

१७ मार्च, मंगळवार

आज दुकानात मामा आला. क्रेनच्या खाली उभं राहून तिला हाताने इशारे करतो तो. साइटवर सगळे त्याला मामाच म्हणतात. बोटाला पट्टी हवी होती.

‘दादा, त्या चॉकलेटच्या वड्या तुम्हीच करता ना? झकास! ताई रोज पिशवी दोरीने खाली सोडतात. म्हणतात, मामा, खा तुम्ही, माझं पोट भरलंय.’

मी पट्टीऐवजी कापूस दिला त्याला.

राग आला होता का? आला होता. घरी रिकामा डबा घासता घासता उतरला. मग नुसती काळजी उरली.

२२ मार्च, रविवार

‘थापायला ये जरा, माझा हात दुखतोय.’ थाप होती ती. आली. एकाच ट्रेमध्ये चार हात. वर न बघता म्हणालो, ‘मामाला फार आवडतात हे.’

मग ती हळूहळू बोलली. जानेवारीत अचानक वारा सुटला, तेव्हा क्रेनने उचललेली लोखंडी तुळई हेलकावली. खाली माणसं होती. कुणाला खरचटलंही नाही. मला तिने सांगितलंच नव्हतं.

‘तेव्हापासून शिडीला हात लावला की तीच तुळई डोळ्यांपुढे येते. वर घासच उतरत नाही रे. दिवसभर उपाशी, मग घरी येईतो हे हात असे.’

‘साहेबांना सांग ना.’

‘काय सांगू? बाई घाबरली? नऊ वर्षं टोमणे ऐकले ते यासाठी? माझं बघून तीन मुली क्रेन शिकतायत. त्यांना काय सांगू?’



‘मग रोज मस्त झालेत, मस्त झालेत का म्हणायचीस?’

‘तुझं तोंड बघून. काय त्या कागदाच्या घड्या घालायचास!’

ट्रेमधलं केव्हाच एकसारखं झालं होतं. आम्ही थापतच राहिलो. ती म्हणाली, ‘खाली माणसं असतात रे.’

२४ मार्च, मंगळवार

तपासणी. सकाळी घरीच दोन वड्या खाऊन निघाली, मीही सोबत. दोन्ही हात पुढे केले — स्थिर! पास.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर येताच तिने साहेबांना फोन लावला. ‘पास झालेय. पण उद्यापासून वर जाणार नाही. भीती वाटते. हो, भीतीच म्हणाले मी. मुलींना खालून शिकवीन.’

फोन पिशवीत टाकला. माझा हात धरला.

‘चल, आधी जेवू कुठेतरी. सपाटून भूक लागलीय.’