गल्लीच्या तोंडावरचा प्लॉट

सर, नकाशावर दोरा कसा लावायचा हे आपल्या नगररचनेच्या ऑफिसात येणाऱ्या नव्या मुलांना मी अजून तुमच्याच क्रमानं शिकवतो. घराच्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत दोरा रस्त्यांच्या वळणांवरून न्यायचा आणि तिथं चिमटीत धरायचा. मग तोच दोरा दारापासून शाळेपर्यंत सरळ ताणायचा. शाळेच्या पलीकडे जितका उरेल, तितकी पोरांची फुकटची पायपीट. शहर नुसतं पसरतंय की त्याच्या गल्ल्या एकमेकींना भेटताहेत, हे त्या उरलेल्या दोऱ्यावरून कळतं. इतकी सोपी, इतकी देखणी रीत मला पुढं कुठल्याही ग्रंथात सापडली नाही.

त्या दोऱ्याचं रीळ तुम्ही एका दुपारी माझ्या शेजारच्या टेबलावर ठेवलंत. तिथं बसणारी ती वयानं थोरली, पण माझ्यानंतर दोन वर्षांनी रुजू झालेली. सगळ्यांदेखत मला म्हणालात, "हिच्या गल्ल्या चालतात, बाबा. तुझ्या नुसत्या दिसतात." सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक नकाशात खोट शोधू लागलो.

चिकलठाण्याकडं तेव्हा शेतांत प्लॉट पडत होते. एकाच बांधाला लागलेल्या दोन शेतांचे आराखडे आम्हा दोघांकडं आले. तिनं एक गल्ली बांधापर्यंत नेऊन उघडी सोडली आणि तांबड्या पेन्सिलीनं खूण करून मला दाखवली, "इथून पुढं तुम्ही उचला." मी बरोबर त्या गल्लीच्या तोंडावर एक प्लॉट पाडला.

मंजुरीनंतर तुम्ही दोन्ही नकाशे काठाला काठ लावून पाहताय, चष्मा कपाळावर. "हे काय रे? नजरचुकीनं झालं व्हय?"

"व्हय, सर."

"माझंच सांगायचं राहिलं," ती शांतपणे म्हणाली. तुम्ही तिच्याकडं ज्या नजरेनं पाहिलंत, तशी नजर माझ्या वाट्याला कधीच आली नाही. तिनं ती माझ्याच खोटेपणावर मिळवली, हे आजही सलतं.

त्या प्लॉटवर आता दुमजली घर आहे. पलीकडची शाळा गच्चीवरून दिसते, पण पोरं जालना रोडला वळसा घालून जातात. गेल्या आठवड्यात मी दोरा लावला. वीतभर उरला.

ती नजरचूक नव्हती, सर. हे तिलाही सांगायचं राहिलं. तिच्या निवृत्तीच्या दिवशी ती तुमचं ते रीळ माझ्या टेबलावर ठेवून गेली. आता हा कागदही खणात त्याच्याशेजारीच ठेवतो. मुलांना मी दुकानातल्या दोऱ्यानं शिकवतो. ते रीळ अजून उलगडलेलं नाही, कारण ते तुम्ही मला दिलेलं नाही.