तापल्यावर सरकणारी रेघ

४ फेब्रुवारी

भागीदार ऑसिलोस्कोप घेऊन आला. धापा टाकत जिना चढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "भंगारात निघालाय. जमलं तर बघ, नाही तर राहू दे." जुनं, काचेच्या व्हॉल्व्हचं धूड. विजेची लाट पडद्यावर रेघेने दाखवतं. असली मापायची यंत्रं दुरुस्त करण्यात माझी उभी हयात गेली, आणि आज त्याला हात लावायची भीती वाटली!

जाताना दारात हळूच बोलला — "महिनाअखेर सांग राव. येणार असशील तर तुझी खुर्ची तशीच ठेवतो. नसशील तर मला माणूस बघायला हवा."

त्याचं काही चुकत नाही. आमचं दुरुस्तीचं दुकान एकट्याने किती ओढणार तो? झटका आला तेव्हापासून उजवा हात माझं ऐकत नाही. हात येईल हळूहळू. धास्ती डोक्याची आहे. काल 'पकड' हा शब्द आठवेना. हिला म्हणालो, "ते चावणारं दे." ही हसली, मीही हसलो. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो.

फिजिओबाईंनी रोज लिहायला सांगितलंय, उजव्याच हाताने. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला.

५ फेब्रुवारी

यंत्रावरची धूळ पुसली. उघडलं नाही.

७ फेब्रुवारी

चालू केलं. आडवी रेघ यायला हवी, आला नुसता ठिपका. मधोमध, ढिम्म. अर्ध्या तासात हिने येऊन बटण बंद केलं. "डॉक्टर काय म्हणाले? अर्धा तास म्हणजे अर्धा तास." ही रेडिओच्या कारखान्यात वायरिंगला होती, मी तपासणीला. तिथेच जमलं आमचं. पण तिचा सुपरवायझर मी नव्हतो, हे तिने कधी विसरू दिलं नाही.

९ फेब्रुवारी

सापडलं! ठिपक्याला आडवं पळवणारा जो भाग, त्याच्याकडे जाणारी वायर सुटलेली. सोल्डर मारताना हात असा थरथरला की डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं. तीनदा चुकलं. चौथ्यांदा बसलं. रेघ आली — बारीक, हिरवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

हिला हाक मारली. ओल्या हातांनी धावत आली. "अगंबाई, आली की!" म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, शेंबड्या पोराच्या फिरवावा तसा. राग यायला हवा होता. आला नाही.

१० फेब्रुवारी

रेघ आहे, पण लाट घातली की चपटी दिसते, वरून कुणी पाय दिल्यासारखी. म्हणजे अजून काहीतरी आहे. छान झालं!

१३ फेब्रुवारी

अर्ध्या अर्ध्या तासाच्या हप्त्यांनी काम चाललंय. आज एका रेझिस्टरवर नजर अडकली. अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून त्याचा आकडा वाचायचा असतो. हे मी विसरलो असेन, याचीच मला सगळ्यात भीती होती. मुद्दाम तोंडाने म्हणून बघितलं. पाढ्यांसारखं घडाघडा आलं सगळं. एक पट्टी भलतीच होती — हवा त्याच्या दसपट रेझिस्टर बसवलेला. बदलला. लाट ताठ उभी राहिली.

भागीदाराला फोन केला. "खुर्ची पुसून ठेव." तो म्हणाला, "धूळ बसूच दिली नाही रे."

ही म्हणाली, "झालं ना आता? उद्या त्यांना घेऊन जायला सांगते." मी म्हटलं, घाई कसली, जरा चालू तर राहू दे, तापू दे. आज तिनेही सूट दिली. तासाभराने बघतो तर रेघ वर चाललेली. अगदी हळू. थोड्या वेळाने पडद्याबाहेर गेली.

हिचा चेहरा पडला. "राहू दे ना ते. जुनं झालंय."

"जुनं झालं म्हणून टाकून द्यायचं का?" मी केवढ्यांदा ओरडलो! कोणाबद्दल ओरडलो कुणास ठाऊक.

१५ फेब्रुवारी

व्हॉल्व्ह बदलून बघितले. फरक नाही.

१७ फेब्रुवारी

हिच्या केस वाळवायच्या मशीनने एकेका भागावर गरम हवा सोडली, कोण बिघडतंय ते बघायला. सगळंच तापतं, मग कळणार काय? मधेच कुठला आकडा कशाचा, तेच विसरलो. पुन्हा पहिल्यापासून. नाकी नऊ आलेत.

ही सारखी म्हणते, देऊन टाका परत. आज म्हटलं, "तुला माझ्यावर भरवसा नाही." ती भाजी चिरत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी

काही नाही. पडून होतो.

२० फेब्रुवारी

सकाळी दाढी करताना सुचलं. रेघ वर जाते म्हणजे पडद्याच्या नळीत रेघेला वरखाली ओढणारी जी पट्टी, तिच्यावर नको तो विजेचा दाब पोचतोय. त्या वाटेवर एक कपॅसिटर आहे. लाट पुढे जाऊ द्यायची आणि सरळ दाब अडवायचा, एवढंच त्याचं काम. द्वारपाल. अर्धी दाढी तशीच ठेवून आलो. त्याचा पुढचा पाय सोडवला, पायाला मीटर लावलं आणि वाट बघत बसलो. थंड असताना काटा शून्यावर. तापायला लागला तसा काटा चढला. गळत होता लेकाचा, आणि तोही फक्त तापल्यावर!

नवा घातला. सकाळभर यंत्र चालू ठेवलं. रेघ जागची हलली नाही. मी रडलो. लिहायला लाज नाही वाटत, मी रडलो.

२१ फेब्रुवारी

हे लिहू नये असं वाटतंय.

झाकण लावण्याआधी काढलेले भाग डबीत भरत होतो. तो चुकीचा रेझिस्टर हातात आला. त्याच्या पायावरचं सोल्डर चकचकीत. बाकी यंत्रातलं सगळं राखाडी, मेलेलं. म्हणजे हा नुकताच बसवलेला. पायाला दीड वेढा, टोक आतल्या बाजूला दाबलेलं. असा वेढा आमच्या कारखान्यात एकच बाई द्यायची. सुपरवायझर इतरांना तो दाखवायला आणायचा.

ती वायरही सुटलेली नव्हती तर! सोडवलेली होती. आणि कपॅसिटर? खराब कपॅसिटर दुकानात बादलीभर पडलेत. हिने आणि भागीदाराने मिळून केलेलं दिसतंय. बाळाला घास भरवावा तसे सोपे सोपे बिघाड भरवले, आणि मी टाळ्या पिटल्या. भागीदाराला खुर्ची पुसायला सांगितली!

हिला दिसायच्या आत तो रेझिस्टर खिशात टाकला.

२२ फेब्रुवारी

दोन वेळा विचारलं तिने, काय झालं. डोकं दुखतंय म्हणालो.

२३ फेब्रुवारी

भागीदाराला फोन केला. माणूस बघ म्हटलं. तो "का? का?" करत होता, मी ठेवून दिला.

हिने दारातून ऐकलं होतं. मग मला राहवलं नाही. रेझिस्टर तिच्या तळहातावर ठेवला. तिने बघितलं. "चिडलात?" म्हणाली. मी उठून बाहेर गेलो. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलो.

२४ फेब्रुवारी

सकाळी ही चहा घेऊन समोर बसली. म्हणाली, दोन बिघाड मी केले. वायर आणि रेझिस्टर. हुरूप यावा म्हणून. "पण रेघ सरकायची ते माझं नाही हो. ते त्यात होतंच, म्हणून तर भंगारात निघालं. भागीदार दोनदा उघडून हरले. इथे आणायच्या आधी दुकानात मीही दोन दुपारी घालवल्या, काही सापडलं नाही. त्यात तुम्ही हात घालू नये, पुन्हा खचाल, म्हणून तर परत देऊ म्हणत होते."

तिने खुर्ची यंत्राजवळ ओढली, चष्मा लावला.

"आता सांगा तरी. होतं कुठे ते?"