दादांच्या गाडीखाली नवी चेसी

१८ ऑगस्ट, रविवार

चेसी गेली! गाडीचा खालचा सांगाडाच गेला. संघपाल मिस्त्री गाडीखाली सरपटत गेला, पान्ह्यानं एक ठोका मारला, आणि गंजाचा हा एवढा पापुद्रा त्याच्या छातीवर पडला. बाहेर येऊन शर्ट झटकत म्हणाला, "साहेब, वरचं अंग ठणठणीत हाय. खालून मात्र भुस्सा झालाय."

होणारच. वर्षानुवर्षं केळी वाहिली या गाडीनं. ओले घड, ओली पानं, आणि हौद्याच्या फटीतून खाली टिपटिप पाणी. पत्रा दादांनी दर दिवाळीला रंगवला. खाली वाकून कोण बघतंय?

दादा जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून गाडी अर्धापूरला मळ्यातल्या शेडखाली उभी. काल टोचन करून नांदेडला आणली. जीपच्या तोंडाची, मागं हौदा, निळी. रस्त्यात एका बुलेटवाल्यानं थांबवून फोटो काढला. विकायची का म्हणून विचारलं. बापाची गाडी विकू का, म्हणून मी त्याच्यावर असा खेकसलो की बिचारा काढलेला फोटोही पुसून टाकतो म्हणाला.

संघपालचं म्हणणं, नवीन गाडीची चेसी आणायची, इंजिनासकट. तिच्यावर दादांची बॉडी बसवायची. मी म्हणालो, बसव. लताला अजून सांगितलेलं नाही.

१९ ऑगस्ट

लताला सांगितलं. "रिटायर झालात म्हणजे असंच काहीतरी करणार, माहीत होतं मला," म्हणाली. मग थोड्या वेळानं स्वतःच — "त्याच गाडीतून आले होते मी लग्न होऊन. पैठणीला केळीचा डाग पडला तो अजून आहे." म्हणजे परवानगी मिळाली!

२५ ऑगस्ट

मळ्यात गेलो होतो. आई बांधावर बसलेली. हल्ली बागेत आत जातच नाही, बांधावरूनच बघते. केळी पिवळी पडायला लागली आहे. शेजारचा व्यंकटी मळा ठोक्यानं, वर्षाचे ठरावीक पैसे देऊन, कसायला मागून राहिला. माणूस चांगला आहे, कष्टाळू आहे. देऊन टाकावा.

माझं सगळं ठरलंय. मळा व्यंकटीला, आई नांदेडला आमच्याकडे, आणि गाडी आमच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली. रोज सकाळी चहा घेत बघायची. आई समोर, दादांची गाडी समोर, आणखी काय पाहिजे माणसाला?

आईला म्हणालो, तर — "अन् केळं कुठं लावू? तुझ्या गॅलरीत?"

गाडीचं सांगितलं तर तिसरंच. "गेर कुठं येणार नव्या चेसीला?" म्हटलं, तुला काय करायचंय गिअरचं! "विचारलं बापा. विचारू न्हाई का?"

३० ऑगस्ट

आज उगाच गॅरेजात जाऊन गाडीत बसलो. संघपालनं चहा पाठवला.

सातवीत असताना धरणाचं पाणी सोडलं होतं ते बघायला दादांनी सगळ्या आळीची पोरं हौद्यात भरली होती. खाली केळीची पानं अंथरलेली. वळण आलं की आम्ही सगळे घसरत एका बाजूला! दादा पुढून ओरडायचे, "धरा रे, सांडाल!" पण गाडी काही हळू करायचे नाहीत. शाळेच्या शर्टाला काळे डाग पडले आणि ते धुवून जात नाहीत म्हणून आईनं आम्हाला नाही, दादांना धरलं. आम्ही दाराआडून ऐकत होतो. दादा एकच वाक्य म्हणत होते, "अगं पण पाणी लई सुंदर होतं!"

त्यांचा आवाज विसरत चाललो आहे असं मधे वाटत होतं. गाडीत बसलं की येतो ऐकू.

१२ सप्टेंबर

लातूरला जाऊन आलो. चेसी मिळाली! वादळात उभ्या गाडीवर कडुलिंब पडला होता. केबिनचा पापड झालेला, खाली मात्र ओरखडा नाही. संघपालनं दोरी घेऊन या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग उलटं, अशी दोनदा मापली. दोन्हीकडून दोरी सारखी भरली तर चेसी सरळ, नाही तर पिळलेली. सारखी भरली. मी देवाला हात जोडले, संघपालनं दोरीची गुंडाळी केली.

एक वाईट वाटलं. आरटीओच्या हिशेबात चेसी म्हणजे गाडी. परवानगी, तपासणी, सगळं या लातूरच्या नंबरावर होणार. दादांच्या गाडीचा नंबर बाद. बँकेतलं खातं विसरेन, पण तो नंबर मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन.

येताना अहमदपूरला जेवलो. संघपाल म्हणाला, "साहेब, लोक नवी बॉडी बांधायला येतेत माझ्याकडं. जुनी जपायला तुम्ही पहिलेच." मला फार बरं वाटलं. चपाती जास्त खाल्ली.

२० सप्टेंबर

आज बॉडी उचलली. पितृपक्षात गॅरेज रिकामं असतं म्हणून संघपालनं हाच दिवस धरला. लता कुरकुरली, "पित्रांत कुठं असली कामं काढतात?" भीत भीत आईला फोन केला. आई म्हणाली, "पित्रांतच कर. ते येतीलच बघायला."

फोन ठेवला आणि थेट गॅरेज गाठलं.

बोल्ट निघता निघेनात. गंजून एकजीव झालेले. शेवटी कटरनं उडवले. मग चेनपुली लावली, साखळ्या ताणल्या आणि कर्रर्र करत दादांची गाडी हवेत! खाली उरला तो काळा, सडका सांगाडा. एवढासाच होता. यावर एवढी वर्षं आम्ही सगळे बसलो होतो!

२१ सप्टेंबर

जुनी चेसी भंगारात गेली. बघायला थांबलो नाही.

२८ सप्टेंबर

भांडण! नवी चेसी वीतभर लांब. केबिन आणि हौद्याच्या मधे फट राहते, ती राहू दे म्हटलं. पण गेरचा दांडा जुन्या भोकातून येईना. बैठकीकडं सरकून येतो. संघपाल म्हणतो, फरशीचा पत्रा कापावा लागंल.

तिथंच, पेडलापाशी, पत्र्याला दादांच्या टाचेनं खड्डा पाडलाय. गुळगुळीत. मी म्हणालो, या पत्र्याला ग्राइंडर लावलास तर बघ! एकदम आवाज चढला माझा. संघपालनं ग्राइंडर खाली ठेवला.

आई नेमकी आज बाजारासाठी नांदेडला आलेली. गॅरेजात येऊन उभी राहिली. सगळं ऐकून घेतलं, आणि — "काप रे संघपाल! पत्र्याला काय सोनं लागलंय? हात पोचला पाहिजे, पाय पोचला पाहिजे, मग बाकीचं." मला म्हणाली, "गाडी चालवायची हाय का देव्हाऱ्यात ठेवायची?"

मी म्हणालो, चालवायचं कोण आहे आता? अंगणातच उभी राहणार आहे.

आईनं पिशवी उचलली आणि बाजाराला गेली. संघपालनं पत्रा कापला. दादांच्या टाचेचा तुकडा मी रुमालात बांधून आणला. लता हसेल असं वाटलं होतं, हसली नाही.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

बसली! दादांची बॉडी नव्या चेसीवर बसली! सगळं मनासारखं झालं. मधे गादीसारखे रबरी बुश टाकले, साखळी ढिली केली, चारी कोपऱ्यांवर माणसं, संघपाल मधे — "येऊ द्या… येऊ द्या… थांबा! डावीकडं नखभर!" आणि टक्क. एकदाच आवाज झाला.

चांगला दिवस म्हणून आईला मुद्दाम अर्धापूरहून आणलं होतं. नारळ, हळद-कुंकू सगळं तयार ठेवलं. संघपाल म्हणाला, "आपलं काही न्हाई त्यात, पण गिऱ्हाईक म्हणतं म्हणून कोपरा झाडून ठेवलाय." लताला पुढं बोलावलं. आईला म्हणालो, तू तिकडं झाडाखाली बस, सावली आहे. लतानं कुंकू लावलं, मी नारळ फोडला, पेढे वाटले.

आईनं पेढा पदराला बांधला. उपास म्हणाली. पेढा चालतो की उपासाला!

४ ऑक्टोबर

आईचा फोन. सकाळीच. "देऊन टाक मळा व्यंकटीला. मी येते नांदेडला."

झालं! ज्यासाठी दीड वर्ष डोकं फोडलं ते एका फोनवर! उड्या मारतच स्वयंपाकघरात गेलो. लतानं गॅस बंद केला. म्हणाली, "तुम्हाला खरंच काही कळत नाही का हो?"

"काय कळायचं?"

"काल झाडाखाली कुणाला बसवलंत?"

म्हटलं, ऊन होतं.

"ऊन होतं! विधवा बाई कुंकवाच्या ताटापाशी नको म्हणून बसवलंत. तोंडानं बोलला नाहीत एवढंच. आणि मीही गेले शहाण्यासारखी ताट घेऊन पुढं."

मी भांडलो. असं काही माझ्या मनात नव्हतं म्हणालो. मी तसला माणूस नाही म्हणालो. मग गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मनात नव्हतं? मग लताला हाक मारली आणि आईला सावली दाखवली, ती कशी काय? कुणी सांगितलं नव्हतं मला. आपोआप केलं. लाज वाटते आहे.

६ ऑक्टोबर

अर्धापूरला गेलो. आई बांधावर. बोचकं बांधून दाराशी ठेवलेलं, दोन पातळं आणि दादांचा फोटो.

म्हणालो, "आई, चुकलं माझं. दसऱ्याला गाडी इथं आणतो. पूजा तूच करायची."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "तुला वाटतं मी कुंकवासाठी रुसले?"

"मग?"

"कुंकवाचं बी लागलं. न्हाई कसं म्हणू? पण ती गाडी तिकडं अन् मी झाडाखाली! परक्यावानी!" डोळे पुसले. मी म्हणालो, गाडीत दादांची आठवण आहे, तुझीही आहे, कळतं मला. तर फिस्सकन हसली. रडता रडता! "लई कळतं तुला," म्हणाली.

मळ्याचं काय म्हणून विचारलं. "गाडी आण आधी. मग बघते, बोचकं सोडायचं का उचलायचं." व्यंकटी दसऱ्यानंतर पक्कं करायला येणार आहे. म्हणजे सगळं दसऱ्यावर येऊन ठेपलं. आता मला तिनं नांदेडला यायला नको आहे. अशी नको. बोचकं बांधून, मान खाली घालून नको.

९ ऑक्टोबर

ब्रेक लागत नाहीत. संघपाल म्हणतो होईल. मी म्हणतो कधी. तो म्हणतो होईल.

११ ऑक्टोबर

आली! संघपालनं स्वतः चालवत मळ्यात आणून सोडली. आवाज वेगळा आहे, गुरगुर कमी. पण केळीच्या वाफ्यांमधून तो निळा टप सरकताना दिसला आणि एक क्षणभर मला वाटलं दादाच आले. आई शेडमधून धावत आली. धावत! गाडीभोवती एक फेरी मारली, आत हात घालून गेर हलवून बघितला. "जमंल," म्हणाली. एवढंच. उद्या सगळ्यांना हौद्यात बसवून शिलंगणाला शिवेवर जायचं, दादा दर दसऱ्याला न्यायचे तसं. नांदेडच्या गल्ल्यांत स्कूटर चालवणारा मी, एवढं धूड कसं चालवणार देव जाणे.

१२ ऑक्टोबर, दसरा

लतानं ताट आईच्या हातात दिलं. आईनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी पुढचं दार उघडून चढणार, तर म्हणाली, "तू तिकडून बस." आणि पदर खोचून स्वतः चाकापाशी! क्लच दाबला, गेर टाकला, गाडी निघाली. धक्का नाही, हिसका नाही. शिवेवर पोचल्यावर विचारलं, हे कधी शिकलीस? म्हणाली, "साखरेनं नजर गेली होती रे त्यांची. शेवटची चार वर्सं मीच चालवायची मळ्यात. ते शेजारी बसून हार्न वाजवायचे. ते गेल्यावर शेजारी कुणी न्हाई, म्हून उभी राहिली गाडी." मागून हौद्यातनं व्यंकटी म्हणाला, "तुम्हाला ठावं नव्हतं, साहेब? आख्ख्या शिवाराला ठावं हाय!" मी हात लांबवून हॉर्न दाबला. रडत होतो, दाबत होतो.

परतल्यावर तिनं बोचकं सोडलं. उद्या पहाटे बागेत पाणी द्यायचं म्हणाली. गाडी इथंच राहणार. मी आणि लता सकाळच्या एसटीनं नांदेडला.