बाई येईपर्यंत बटण नाही

अहो नातीचे आजोबा,

नमस्कार, आणि घाबरू नका, माझं हाड शाबूत आहे. न्हाणीघरात पडले, म्हणून नातीने तिच्याच हॉस्पिटलात नेलं.

एक्स-रे तीच काढते, पण तिला अजून लायसन नाही. तिला शिकवणाऱ्या मोठ्या बाई शेजारी असल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असा नियम. नेमक्या बाई जेवायला गेलेल्या.

मी कण्हत म्हटलं, "दाब गं, घरचंच हाड आहे!"

"आजी, तुझ्या हाडापायी माझं लायसन बुडेल. गप पड."

पडले गप. बाईंनी दारातून हे ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "हिच्या लायसनची शिफारस मीच करते." माझा जीव भांड्यात पडला.

तुम्ही गोळ्या घेता ना? तिचं लायसन येईपर्यंत माळ्यावर चढू नका.

तुमची,
लंगडत का होईना, चालतीफिरती मी