घरच्यांना सोपं

प्रिय खारूताई,

ऑफिसात तुझं टेबल माझ्या टेबलापासून बरोबर अकरा पावलांवर आहे आणि तरीही मी पत्र लिहितोय, म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे तू ओळखलंच असशील. शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवतही नाही. हे रेघांचे कागद बाबांच्या कपाटातले आहेत, तेव्हा अक्षराला हसू नकोस. समोरासमोर बोलायला गेलो तर मी नेहमीसारखा विषय चेष्टेवर नेणार, तू नेहमीसारखी 'दादा, काम आहे' म्हणून कानाला हेडफोन लावणार, आणि तेवढ्यात सोमवार उजाडणार. सोमवारी मोठ्या बाई तुझ्या पायऱ्यांचा निकाल लावतील. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं.

आधी थोडं कौतुक करून घेतो, कारण ते मी कधी केलेलं नाही. मागच्या महिन्यात लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तू धरून आणून खेळायला बसवलंस, तेव्हा मी मागेच उभा होतो. तू त्याला एका दमात सांगितलंस, गाणं लागेल, पडद्यावर वरून ठिपके घसरतील, ठिपका खालच्या रेघेवर आला की बोट मारायचं, फार चुकलात तर वरची हिरवी पट्टी रिकामी होईल आणि गाणं तिथेच तुटेल. बस. सहा वर्षं हा खेळ आम्ही बनवतोय, पण इतक्या सोप्या शब्दांत तो मला कुणाला सांगता आला नव्हता. आणि मग तू गप्प बसलीस. तो माणूस चुकत होता, मान हलवत होता, आणि तू त्याच्या चेहऱ्याकडे न बघता फक्त बोटांकडे बघत वहीत टिंबं काढत होतीस. मी असतो तर तीनदा 'अहो, असं नाही' म्हणालो असतो. तू अशी चाळीस माणसं बसवलीस, त्यांत पोस्टमन होता, समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई होत्या, झाडू मारणाऱ्या मावशी होत्या, आणि एकालाही तू 'असं नाही' म्हणाली नाहीस.

तू येण्याआधी आमच्याकडे काय सावळा गोंधळ होता ते आता आठवलं की हसू येतं. गाण्यावर ठोके बसवणारे आम्ही सात जण, आणि सातांचे सात संसार. माझं 'सोपं, बरं, कठीण'. चष्मेवाल्याचं 'झुळूक, वारा, वादळ'. त्या शेजारच्या टेबलावरच्या जाड्याचं 'फिक्कं, तिखट, झणझणीत'. माझं 'सोपं' त्याच्या 'तिखटा'पेक्षा अवघड, त्याचं 'झणझणीत' कुणीही डुलक्या काढत पार करावं असं. ज्याने त्याने आपल्याच गाण्याला आपणच गुण द्यायचे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. खेळणाऱ्यांची तक्रारीची पत्रं यायची की तिसऱ्या गाण्यापर्यंत नीट येतो आणि चौथ्यावर तोंडावर पडतो, मग आम्ही ती मोठ्याने वाचून म्हणायचो, नाचता येईना अंगण वाकडं. चार वर्षं म्हणत होतो. तू दोन वर्षांपूर्वी आलीस, पट्टी घेऊन बसलीस आणि अंगण खरोखरच वाकडं आहे हे मोजून दाखवलंस.

तुझ्या अवघडपणाच्या बारा पायऱ्या मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा तोंडाने 'हं' एवढंच म्हणालो होतो. खरं सांगायचं तर मला त्याच दिवशी कळलं होतं की हे काम आमच्या सातांपैकी कुणाला जमलं नसतं. सेकंदाला ठोके किती, एका वेळी बोटं किती, मधे दम घ्यायला जागा किती, आणि ठोका कान सांगतो तिथेच पडतो की कानाला फसवून. चार मापं, आणि दोनशे बारा गाणी तू त्यांतून एकेक करून काढलीस. त्याहून मला आवडलं ते वर चढण्याचं तुझं गणित, की पायरीवरची सगळी गाणी जिंकायची गरज नाही, कुठलीही तीन जमली की पुढचं दार उघडतं. ज्याला एक गाणं जमतच नाही त्याने तिथेच कुढत का बसावं, असं तू मीटिंगमध्ये म्हणालीस. आणि पहिल्या पायरीला मी सुचवलेलं नाव खोडून तू तिथे 'ओळख' लिहिलंस. ते नाव होतं 'कच्चं लिंबू'. मला ते फार विनोदी वाटायचं.

तुला ते का विनोदी वाटलं नाही हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. गल्लीतल्या पकडापकडीत तू सलग चार वर्षं कच्चं लिंबू होतीस आणि तुला कच्चं लिंबू ठरवणारा मीच होतो. तुला कुणी पकडलं तरी राज्य यायचं नाही, तू कुणाला पकडलंस तरी मोजायचं नाही. तू बिचारी जीव तोडून पळायचीस. मग एका सुट्टीत फाटकाच्या सात पायऱ्यांवरून उड्या मारायचा खेळ निघाला. मी तुला म्हणालो, तू खालीच उभी राहून टाळ्या वाजव. तू घरात गेलीस, आईच्या शिवणाचा खडू आणलास आणि प्रत्येक पायरीवर एकेकाचं नाव लिहिलंस. ज्याची त्याची पायरी, तिथून उडी जमली की नाव खोडून वरच्या पायरीवर. स्वतःचं नाव सगळ्यांत खाली लिहिलंस आणि रडली नाहीस. सुट्टी संपताना तू पाचवीवर होतीस. तेव्हा तुला आठवं लागलं होतं. आता वाटतं, सगळं तेव्हाच झालं होतं, मोठ्या बाईंना फक्त आता दाखवायला आणलंस.

आता त्या चार पानांबद्दल. सूचनापेटीत तुझ्या योजनेविरुद्ध ती निनावी पानं सापडली त्याला तीन आठवडे झाले. 'गाणी म्हणजे पोती नव्हेत, तराजूत घालायला', 'जुन्या खेळणाऱ्यांचा मान जाईल', 'ज्यांना ठोका बसवता येत नाही ते ठोके मोजत बसतात'. हे शेवटचं वाक्य तुला लागलं, मी पाहिलं. मोठ्या बाईंनी तेव्हाच काम थांबवलं. तुझ्या टेबलाचा खण रोज थोडा थोडा रिकामा होतोय हे अकरा पावलांवरून दिसतं. दुसऱ्या कंपनीचं बोलावणं आलंय हे मला बाबांकडून कळलं. तुझा संशय जाड्यावर आहे, तू त्याच्याबरोबर डबा खात नाहीस, आणि तो बिचारा मला येऊन विचारतो की माझं काय चुकलं.

आता रविवारचं ऐक. दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी घासत होतो आणि बाहेरच्या खोलीतून आपल्या खेळाचा आवाज आला. मला वाटलं, बाबांचा हात चुकून लागला असेल. तुला माहीत आहे, खेळ बाजारात आला तेव्हा मी पहिल्यांदा त्यांनाच दिला होता. ते एकदा खेळले, 'छान आहे' म्हणाले आणि तो विषय संपला. सहा वर्षांत पुन्हा कधी हात लावला नाही. बाहेर येऊन बघतो तर ते घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसायचे तसे पाठ ताठ करून बसलेले, शेजारी घड्याळांच्या नोंदींची ती जुनी वही उघडी. दर गुरुवारी तू येतेस ते भाजी निवडायला नव्हे, तुझ्या पायऱ्यांची कच्ची प्रत त्यांच्यावर घासून बघायला, हे मला तेव्हा कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. वहीत त्यांच्या पेन्सिलीतल्या ओळी होत्या, घड्याळाबद्दल लिहायचे तशाच. 'पायरी एक, गाणे तीन. डावे बोट मागे पडते.' खाली, चार दिवसांनी, 'सुधारले.' 'पायरी तीन. करंगळी घाई करते.' असं करत ते सहाव्या पायरीवर आले होते, आणि जे गाणं लावून बसले होते ते माझं होतं, 'शिलाई'.

हे गाणं मी का केलं ते तुला मी सांगितलं नव्हतं, तरी तू ओळखलंस. तेव्हा आई जाऊन दोन वर्षं झाली होती. ती जुनी कॅसेट आठवते ना, तू चार वर्षांची, कविता म्हणतेस आणि मागे आईची शिवणाची मशीन चाललीय. त्यातून मी फक्त मशीनचा आवाज कापून घेतला आणि गाण्याच्या शेवटच्या चाळीस सेकंदांत घातला. तिच्या चाकाची ती टकटक, दर सातव्या टाक्याला अर्धा श्वास उशिरा येणारी, तिच्यावर मी ठोका बसवला. आणि गाण्यावर शिक्का मारला 'सोपं'. मला ते सोपंच वाटत होतं. ती टकटक ऐकत तर आपण झोपायचो. मला वाटलं होतं, बाबा खेळतील, शेवटी मशीन ऐकतील आणि काहीतरी म्हणतील. ते 'छान आहे' म्हणाले. मला वाटलं, त्यांना आवडलं नाही, आईचा आवाज असा खेळात घातला म्हणून रागावले असतील. मग मीही बोललो नाही. सहा वर्षं एका घरात राहून दोघंही त्याबद्दल अवाक्षर बोललो नाही.

तुझ्या चाळीस माणसांपैकी अडतीस जण त्या टकटकीवर पडले. तू गाणं सहाव्या पायरीवर ठेवलंस आणि यादीत समोर लिहिलंस, 'घरच्यांना सोपं, बाकी सगळ्यांना सहा'. ती ओळ वाचून माझं डोकं फिरलं होतं. आपल्या आईच्या मशीनचा ठोका, आणि हिने त्याला पट्टी लावली.

रविवारी मी दारात उभा राहून बघत होतो. बाबांची बोटं सुरुवातीला दोनदा अडखळली, हिरवी पट्टी अर्ध्यावर आली, पण ती टिकली. मग मशीन सुरू झाली. बाबा थबकले नाहीत. अडतीस जण जिथे पडले तिथे त्यांचं एकही बोट चुकलं नाही. टकटक आली की बोट बरोबर अर्धा श्वास थांबायचं आणि पडायचं. शेवटी आईने कात्रीने दोरा तोडल्याचा आवाज आला आणि गाणं संपलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ही आपली मशीन आहे, चाक सैल झालंय हिचं, तिला म्हणालो होतो रविवारी बघतो, ते राहिलंच. मग म्हणाले, हे शेवटी होतं होय रे, मला कधी तिथवर पोचताच आलं नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या त्या 'सोप्या' गाण्यात ते पहिल्या मिनिटालाच पडले होते. लेकाने सोपं म्हटलेलं आपल्याला जमत नाही हे सांगायची त्यांना लाज वाटली, म्हणून 'छान आहे' म्हणाले आणि ठेवून दिलं. सगळ्या गावाची घड्याळं वेळेवर आणणारा माणूस, त्याला मी एका शब्दाने खाली बसवलं होतं. मी परत मोरीशी गेलो आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासली. खूप रडलो, खारूताई.

तर आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. जाड्याशी बोलायला लाग, त्याचा काही दोष नाही. ती चार पानं माझी आहेत. तुझी ती ओळ वाचली त्याच संध्याकाळी लिहिली. ठोका बसवता येत नाही ते ठोके मोजतात, हे वाक्यही माझंच, आणि फाटकाच्या पायऱ्यांवरून जसा तुला खाली उभं राहायला सांगत होतो तसंच ते लिहिलं. सोमवारी मी उठून हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, ती पानं परत घेणार आहे, आणि 'शिलाई' सहावर ठेवा, त्यासमोरची तुझी ओळही तशीच ठेवा असं मोठ्या बाईंना सांगणार आहे. त्या काय ठरवतील ते मला माहीत नाही. तू ती दुसरी नोकरी घेतलीस तरी तुला अडवायचा हक्क मला उरलेला नाही. पण हे इतरांच्या आधी तुला कळावं, आणि माझ्याकडूनच कळावं. बाबांनी विचारलंय की गुरुवारी सातवी पायरी आणणार का, त्यांनी पेन्सिलीला टोक करून ठेवलंय. त्या चार पानांखाली जी सही नव्हती, ती इथे करतो.

तुझाच,
दादा