कानशीचं प्रमोशन

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. घरच्या घरी सुरी करायची. तीन दिवसांत अकरा व्हिडिओ पाहिले. त्यातला दाढीवाला जुन्या कानशीची सुरी अठरा मिनिटांत करतो, तीही जाहिराती धरून. मला दाढी नाही, पण वेळ आहे.

संकल्प: वीस मार्चला बायकोच्या वाढदिवसाला माझ्या हातची सुरी. नंतर हळूहळू घरातल्या सगळ्याच.

बायकोला सध्या सांगायचं नाही. असलं काही सांगितलं की ती बोलत नाही, फक्त मी शिकायला आणलेल्या आणि आता कपाटावर धूळ खाणाऱ्या युकुलेलेकडे, म्हणजे त्या छोट्या गिटारकडे बघते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

जुनी कानस हवी, लोखंड घासायची. तिचं पोलाद सुरीला अव्वल म्हणे. भंगारवाल्याकडे जाणार होतो, पण त्याचं दुकान ऑफिसच्या उलट दिशेला.

सासऱ्यांच्या पेटीत एक आहे. सासरे दोन वर्षांपासून आमच्याकडे असतात. अडतीस वर्षं कारखान्यात फिटर होते. शिकाऊपण संपलं तेव्हा त्यांच्या मिस्त्रींनी ही कानस त्यांना दिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते पेटी उघडतात, एकेक हत्यार पुसतात, तेलाचा हात फिरवतात, कानस फडक्यात गुंडाळून परत ठेवतात. वापरत नाहीत. हात थरथरतात त्यांचे.

गेल्या रविवारीच झालं ते सगळं. म्हणजे पुढची पेटी एक मार्चला उघडणार.

नुसता विचार करतोय. घेतलेली नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार, दुपार

घेतली.

सासरे बागेत फिरायला गेले होते. ही चोरी नव्हे. घरातली वस्तू घरातच आहे, फक्त खोली बदलली. शिवाय पडून राहिलेल्या कानशीची सुरी होणं म्हणजे प्रमोशनच. मी चौदा वर्षं एकाच खुर्चीवर आहे, मला विचारा.

लाकडी मूठ ठोकून काढली. अंगठ्याच्या जागी झिजून खळगा पडलाय. माझा अंगठा ठेवून बघितला. बसला नाही. मूठ ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवर जरा जोरातच बंद केला.

मग कानस गॅसवर. तापवून सावकाश थंड केली की मऊ पडते, मग कापता येते. बायको आली, हा कसला वास म्हणाली. बर्नर साफ करतोय, म्हणालो. तिला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी न सांगता बर्नरला हात लावला म्हणे. मग खरंच चारही बर्नर साफ करावे लागले.

८ फेब्रुवारी, रविवार

घोडं अडलं. कानशीला आकार द्यायला कानस लागते. दाढीवाल्याने हे बहुतेक जाहिरात चालू असताना सांगितलं असणार.

हार्डवेअरच्या दुकानातून नवी आणली. दुकानदाराने विचारलं, काय बनवताय? सुरी, म्हणालो. तो म्हणाला, सुऱ्या समोरच्या रॅकवर आहेत की.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर ऑफिसातून आल्यावर मागच्या गॅलरीत घासतोय. मूळ बेत मोठ्या किचन नाइफचा होता. बुधवारी फळं कापायच्या सुरीवर आलो. आज बघता पाकिटं उघडायलाही चालेल असं वाटतंय. लहान सुऱ्यांना जास्त कौशल्य लागतं.

संध्याकाळी सासऱ्यांनी पेपरमधून डोकं वर काढलं. म्हणाले, कुणीतरी कानस मागे ओढताना पण दाबतंय, दात जातील तिचे.  खालच्या मजल्यावर काम चाललंय, म्हणालो. तर म्हणे, जावईबापू, जाऊन सांगा जरा त्यांना. ढकलताना दाबायचं, परत आणताना उचलायचं.

सांगतो म्हणालो. पाच मिनिटं जिन्यात उभा राहून परत आलो. सांगितलं का, विचारलं त्यांनी. हो म्हणालो. काय म्हणाले? थँक यू म्हणाले. ते खूश झाले. मला जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार, दुपार

पात्याला पाणी द्यायचा दिवस. म्हणजे लालभडक करून तेलात बुडवायचं, की पोलाद कडक होतं. चुंबक चिकटेनासं झालं की तापलं समजायचं. आमच्या गॅसवर अर्धा तास धरलं, चुंबक चिकटतंच आहे. शेवटी चुंबकच वितळायला लागलं. फ्रिजवरचा पेंग्विन होता. तेव्हा गृहीत धरलं की तापलं, आणि तेलाच्या डब्यात बुडवलं.

धूर. खालच्या बाई धावत वर आल्या. ब्रेड करपला, सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे बरंच काम चाललेलं दिसतंय हल्ली, रोज घासल्याचा आवाज येतो. मी त्यांना हळू बोला अशी खूण केली. सासरे आत झोपले होते. बाईंना वाटलं, किती काळजी घेतो हा म्हाताऱ्याची. जाताना तसं म्हणाल्याही.

पातं किंचित वाकलंय. हातात धरल्यावर कळत नाही. टेबलावर ठेवलं की कळतं. टेबलावर ठेवायचं नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चाचणी. टोमॅटो.

निष्कर्ष: टोमॅटो फार पिकलेला होता.

बायकोने विचारलं की टोमॅटोवर कोण बसलं होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सात दिवस राहिले. खरं सांगून टाकावं असा निश्चय आज तीनदा केला. सकाळी ते पेपर वाचत होते. दुपारी झोपले होते. संध्याकाळी माझ्याकडे बघून हसले. अशा वेळी कसं सांगणार?

आणि सांगून मिळणार काय? कानस तर परत येणार नाही. फक्त त्यांना दुःख होणार. म्हणजे न सांगण्यात त्यांचंच भलं आहे. माझा काहीच फायदा नाही.

एक उपाय आहे. घरात नवी कानस आहे. जुनी मूठ आहे. नवीवर जुनी मूठ बसवायची. फक्त नवी फार नवी दिसते.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस मिठाच्या पाण्यात ठेवली होती. काय सुंदर गंज चढलाय! हुबेहूब जुनी. मूठ बसवली, फडक्यात गुंडाळली, पेटीत ठेवली. खरं सांगायचं तर आयुष्यात माझ्या हातून इतकं चांगलं काम झालेलं नाही. आणि ते कुणाला दाखवता येत नाही.

१ मार्च, रविवार

सकाळी नऊला त्यांनी पेटी उघडली. मी समोर पेपर धरून. पाना, हातोडी, गुण्या, सगळं पुसून झालं. मग फडकं सोडलं.

कानस खिडकीच्या उजेडात उलटसुलट करून बघितली. मग बायकोला हाक मारून विचारलं, मागच्या महिन्यात मी हिला तेल लावलं होतं का गं? ती म्हणाली, लावलं होतं की बाबा, मी बघितलंय. तर म्हणाले, नसेल लावलं. पंचेचाळीस वर्षांत गंजाचा ठिपका पडू दिला नाही मी हिच्यावर.

आता ध्यानात आलं. जो माणूस दर महिन्याला तेल लावतो त्याच्या कानशीला गंज कुठून असणार? जुनं म्हणजे गंजलेलं, हे मी आमच्या ऑफिसातल्या कपाटांवरून धरलं होतं.

दुपारपर्यंत रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन घासत बसले. मी करू का, विचारलं. नको म्हणाले, चूक माझी आहे.

पकडलो गेलो नाही. एकूण बेत यशस्वी.

४ मार्च, बुधवार

सकाळी सासरे बागेत जायला निघाले आणि जिन्यातून तीनदा परत आले, कुलूप लागलं का बघायला. घरात मी होतो. कुलूप लावायचंच नव्हतं.

संध्याकाळी एक छोटी वही विकत घेऊन आले.

८ मार्च, रविवार

ते वहीत सगळं लिहून ठेवतात. सात वाजता चहा घेतला. गोळी घेतली. गॅस बंद बघितला. कानस बघितली, गंज नाही. अक्षर वेडंवाकडं, पण वेळ मिनिटासकट.

रोज रात्री जेवणाआधी वही माझ्यापुढे धरतात. जावईबापू, बघा बरं, बरोबर आहे ना सगळं? बायको काळजी करेल म्हणून तिला दाखवत नाहीत. माझ्यावर विश्वास आहे म्हणे, मी काही लपवणार नाही.

मी खाली बरोबरची खूण करतो. आतापर्यंत चार खुणा झाल्या. रोजनिशी मीही लिहितो. त्यांच्या वहीत मात्र एक शब्द खोटा नाही.

१२ मार्च, गुरुवार

आज त्यांनी पेटीला कुलूप लावून किल्ली बायकोकडे दिली. म्हणाले, आता माझा भरवसा नाही, आत धारेची हत्यारं आहेत. बायको स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडली. नळ सोडून रडली, आवाज जाऊ नये म्हणून. मी पाठीवर हात ठेवला. म्हणाली, बरं झालं तू आहेस.

सतरा तारखेला आठवणीच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय.

या वयात चेकअप झालेला बराच असतो. तसा विचार केला तर माझ्यामुळे वेळेवर होतोय.

हे वाक्य लिहून परत वाचलं. लाज वाटली. उद्या सकाळी चहाच्या आधी सांगायचं. नक्की.

१३ मार्च, शुक्रवार

चहा लवकर झाला.

१५ मार्च, रविवार

ऑफिसचं कारण नाही, ते झोपलेले नाहीत, बायको बाहेर गेलीय. सगळा योग जुळून आला होता. समोर जाऊन बसलो. बाबा, म्हणालो. ते म्हणाले, काय? मी उठून रेग्युलेटरपाशी गेलो. पंखा वाढवू का, असं विचारलं.

वाढवा म्हणाले. आणि वहीत लिहिलं: साडेचार, पंखा वाढवला.

१७ मार्च, मंगळवार

लिहायला नको वाटतंय, पण लिहितो.

दवाखान्यात आम्ही तिघं गेलो, आमच्या पुढे दोघं होते. सासरे इस्त्रीचा शर्ट घालून, वही मांडीवर घेऊन बसलेले. परीक्षेला आल्यासारखे मनातल्या मनात पाठ करत होते. आजची तारीख, नातेवाइकांची नावं, घरचा पत्ता. मधेच मला म्हणाले, आत काही आठवलं नाही तर तुम्ही सांगाल ना? आणि शेवटचं तपासून ठेवा म्हणून वही आणि पेन माझ्या हातात दिलं.

पान उघडलं. सहा पन्नास, उठलो. सात, चहा. सव्वासात, किल्ली मागून कानस बघितली, गंज नाही.

बोलता आलंच नसतं मला. मी त्याच्या खाली लिहिलं: तुमची कानस मी घेतली. सुरी करायला. ही नवी आहे. गंज मी चढवला. तुम्ही काहीही विसरलेला नाही. आणि वही परत दिली.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. कोणत्या तारखेला, एवढंच विचारलं. सात फेब्रुवारी, म्हणालो. ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग म्हणाले, म्हणजे मी तेल लावलं होतं? लावलं होतं बाबा, म्हणालो. पुन्हा विचारलं, लावलं होतं ना? मग तिसऱ्यांदाही विचारलं. मी जमिनीकडे बघत होतो.

बायकोने वही घेऊन वाचली. तिने माझ्याकडे युकुलेलेकडे बघावं तसं बघितलं.

त्यांचा नंबर आला. एकटेच आत गेले, दोन मिनिटांत बाहेर आले. आत काय सांगितलं माहीत नाही, पण दार बंद होताना डॉक्टरांनी मान वाकडी करून मला पाहून घेतलं.

येताना टॅक्सीत ते दोघं मागे बसले. मी ड्रायव्हरशेजारी. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२० मार्च, शुक्रवार

बायकोचा वाढदिवस. ठरल्याप्रमाणे सुरी दिली. हार्डवेअरवाल्याच्या समोरच्या रॅकवरची. टोमॅटो चिरला जातो.

ती थँक यू म्हणाली. गेल्या तीन दिवसांतले तिचे हे माझ्याशी बोललेले पहिले शब्द.

२२ मार्च, रविवार

सासऱ्यांनी किल्ली परत मागून घेतली आणि पेटी उघडली. पहिला रविवार नसताना. मग मला हाक मारली. सुरी आणा म्हणाले.

आणली. आयुष्यात कुणाला काही दाखवायची इतकी शरम वाटली नव्हती. एका बाजूला कानशीचे दात अजून दिसत होते. दाढीवाल्याच्या सुरीवर ते छान दिसतात म्हणून मी ठेवले होते. त्यांनी त्या दातांवरून अंगठा फिरवला. टोक टेबलावर दाबलं. पातं वाकलं आणि वाकलेलंच राहिलं. पाणी लागलेलंच नाही हिला, म्हणाले. 

मग सुरीला तेल लावलं, त्याच फडक्यात गुंडाळली, आणि कानशीच्या जागी ठेवली.

मला वाटलं संपलं. मी बाबा, माफ करा, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी नवी कानस माझ्या हातात दिली, जुन्या मुठीसकट, आणि पेटीच्या तळातून लोखंडाचा एक ठोकळा काढून समोर ठेवला. बसा, म्हणाले. हा सपाट करा. मला मिस्त्रींनी सहा महिने दुसरं काही करू दिलं नव्हतं.

संकल्प: तीन रविवारांत सपाट.

५ एप्रिल, रविवार

तिसरा रविवार. हाताला फोड. ढकलताना दाबायचं, परत आणताना उचलायचं. मी विसरतो. ते काठीने टेबलाच्या पायावर ठोकतात. खालच्या मजल्यावरचे शिकले असते एव्हाना, असं आज म्हणाले.

दर तासाने ते ठोकळ्यावर काटकोन तपासायचा गुण्या उभा धरतात आणि खिडकीकडे करून बघतात. सपाट असेल तर मधून उजेड यायला नको. येतो. उजेड दिसतोय, म्हणतात, आणि ठोकळा परत माझ्यापुढे ठेवतात. त्यांचा हात थरथरतो, पण गुण्या धरताना नाही.

वही त्यांनी बंद केली. राहिलेली पानं मला वापरायला दिली. माझी पाच वाक्यं असलेलं पान आधी फाडून घेतलं, घडी करून पेटीत ठेवलं. का, ते विचारलं नाही.

दुपारी बायको चहा घेऊन आली. कप माझ्यासमोरही ठेवला. लोखंडाचा कीस, फोड, ठोकळा सगळं बघितलं आणि विचारलं, आता काय बनवतोयस?

काही नाही, म्हणालो. आणि ते खोटं नव्हतं.