पाळणाघराच्या परसात बिबट्या नसल्याबाबत

प्रति,
मा. बाल विकास प्रकल्प अधिकारी,
पंचायत समिती मावळ, वडगाव.

अर्जदार : धोंडिबा तुकाराम केदारी, रा. कुसगाव, ता. मावळ.

विषय : कुसगाव येथील पाळणाघराविरुद्धची तक्रार खोटी असल्याने ती रद्द करून पाळणाघर सोमवारपूर्वी उघडण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचाच मागील महिन्यातील अर्ज, बिबट्याच्या मजकुरासह.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार खाली मान घालून सादर करतो की,

१) अर्जदाराच्या सूनबाई तेजल यांना लोणावळ्याच्या एका हॉटेलात नोकरी लागली आहे. नात प्रेरणा दोन वर्षांची. तिला ठेवण्याआधी पाळणाघर पाहून यावे म्हणून सूनबाईंनी अर्जदारास पाठवले व निघताना बजावले, "आबा, न कळवता जा, जेवणाच्या वेळेला. मागच्या दाराची कडी किती उंच, टाकीला झाकण आहे का, एका बाईकडं किती मुलं, ते बघा. न्यायला येणाऱ्या आयांना विचारा. आणि गप्पा ठोकत बसू नका."

२) अर्जदाराने यातले एकही केले नाही. माणूस पारखायचा तो गावावरून आणि सोयऱ्यांवरून, कडीवरून नव्हे, अशी त्याची समजूत. लेकी दिल्या त्याही अशाच पाहून. पाळणाघर चालवणाऱ्या रेणुकाताई गावात नव्या, अर्जदारास ओळखत नव्हत्या; त्यांचे माहेर इंदुरी, हे फाटकाशीच कळल्यावर अर्जदार तिथल्या तिथे त्यांचा चुलतमामा झाला. फाटक उघडले नाही. मग तो रेल्वेचा निवृत्त गार्ड झाला, पुढाऱ्याचा व्याही झाला, शेवटी लहान मुलांचा डॉक्टर झाला. सुनेने पाठवले, एवढे सांगितले असते तर एका फोनमध्ये भागले असते. परंतु साधे खरे सांगायची अर्जदारास सवय नाही. बाई म्हणाल्या, "मामा, तुमी कुणीबी असा. आत लेकरं निजल्यात. आईबापाचा फोन आल्याबिगर मी माझ्या सख्ख्या भावालाबी आत घेत न्हाई." चहा मात्र बाहेर आणून दिला. चहा चांगला होता.

३) आपल्याच गावात, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, म्हाताऱ्या माणसाला फाटकाबाहेर चहा पाजला, हे अर्जदारास लागले. घरी "ते ठिकाण काय बरं न्हाई" एवढेच सांगितले आणि वडगावी जाऊन झेरॉक्सवाल्याकडून तक्रार लिहवून घेतली. आधी फक्त उद्धटपणाचे कलम होते. पण लिहिणाऱ्याने "आणखी काय?" असे विचारले, आणि असे कुणी विचारले की अर्जदारास राहवत नाही. परसात बिबट्या पाणी प्यायला येतो, असे घातले. त्याने पुन्हा विचारले, तेव्हा बिबट्याच्या मादीला दोन पिल्ले झाली.

४) सदर बिबट्या हा शेजारच्या भागुबाईंचा बोका आहे. फोटो सोबत जोडला आहे. तक्रारीवरून परसात पिंजरा लागला, आत कोंबडी ठेवली आणि खबरदारी म्हणून पाळणाघर बंद झाले. पिंजऱ्यात आजवर फक्त बोका सापडला, तोही वारंवार; आता कोंबडी त्याला बघून उठतसुद्धा नाही. शनिवार-रविवारी पर्यटक गाड्या थांबवून बिबट्याची जागा विचारतात. अर्जदाराने काहींना ती दाखवली, हेही कबूल.

५) पिंजरा लागण्याच्या आदल्या दिवशी सूनबाई स्वतः पाळणाघर पाहून आल्या होत्या. कडी वर, लेकरांचा हात न पोचेल अशी. टाकीला कुलूप. न्यायला आलेल्या आयांचे मत चांगले. घरी येऊन म्हणाल्या, "आबा, तुम्हाला तिथं वाईट काय दिसलं? त्या बाई सांगत होत्या, एक म्हातारा आला होता, घटकेत मामा, घटकेत डॉक्टर. गोड होता म्हणे. अडवताना त्यांच्याच जिवावर आलं. पण आत नाही घेतला. प्रेरणाला मी तिथंच ठेवणार." अर्जदार भाकरी मोडत राहिला. तो म्हातारा कोण, हे सूनबाईंनी विचारले नाही.

६) हॉटेलवाल्यांनी सूनबाईंची जागा सोमवारपर्यंतच धरली आहे. इतर आयांनी लेकरांना कुणी भाताच्या बांधावर नेले, कुणी दुकानाच्या फळीखाली निजवले.

सबब विनंती की, तक्रार रद्द करावी, पिंजरा हलवण्याविषयी वनखात्यास कळवावे व पाळणाघर उघडू द्यावे. तपासणी जरूर व्हावी, पण कड्यांची आणि टाकीची. खोटे लिहिल्याचा जो दंड असेल तो अर्जदारास व्हावा. या अर्जाची प्रत रेणुकाताईंस अर्जदाराच्या खऱ्या नावासह द्यावी. चुलतमामा म्हणून नव्हे.

अर्जदारास मोतीबिंदूमुळे लिहिता येत नाही. तोंडाने सांगायचा धीर होईना, म्हणून सूनबाईंना "एक अर्ज लिहायचाय" म्हटले आणि हा अर्ज त्यांच्याच हाताने लिहवून घेतला. दुसऱ्या कलमाशी त्यांनी पेन थांबवले होते. त्यानंतर मान वर न करता त्या लिहीत आहेत. आत्ताच म्हणाल्या, "पुढं सांगा."

पुढे सांगण्यासारखे अर्जदाराजवळ काही नाही.

आपल्यासमोर व घरातही शरमिंदा,

धोंडिबा तुकाराम केदारी
(सही स्वतःची, अक्षर सूनबाईंचे)

कुसगाव, दि. ६ नोव्हेंबर २०२५